दाढ काढल्यानंतरचा तिसरा दिवस

दाढ काढली त्या संध्याकाळी भूल उतरते, जबडा ठणकतो, पण गोळी घेतली की झोप लागते. दुसऱ्या दिवशी दुखणे उतरणीला लागते. ताक-भात, खिमट असे काहीतरी खाऊन माणूस कामावरही जातो. आणि तिसऱ्या दिवशी पहाटे अशी कळ उठते की ती थेट कानात, कानशिलात जाते. कालपर्यंत पुरणारी गोळी आज दोन तासही टिकत नाही. तोंडाला घाण चव येते, श्वासाला वास येऊ लागतो. आरशात पाहावे तर गालाला नवी सूज नाही, अंगात ताप नाही, तरी दुखणे मात्र पहिल्या दाढदुखीहून जबर. दवाखान्यात फोन जातो तो बहुधा याच तक्रारीचा : ‘डॉक्टर, दाढ होती तेव्हासुद्धा एवढं दुखत नव्हतं.’

फोन करणाऱ्याच्या मनात दोन शंका असतात : दाढेचा तुकडा आत राहिला असेल, नाहीतर जखमेत पू झाला असेल. क्वचित तसे असतेही. पण आधी ओसरू लागलेले दुखणे पहिल्या ते तिसऱ्या दिवसाच्या दरम्यान उलटून वाढत गेले, तर बहुतेक वेळा प्रकार वेगळाच असतो. त्याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. अमेरिकन दंतवैद्य जेम्स क्रॉफर्ड यांनी १८९६ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली, तरी आजही पुष्कळ रुग्ण हे नाव पहिल्यांदा ऐकतात ते त्या तिसऱ्या दिवशी, कळवळत असताना. खरे तर ते दाढ काढण्यापूर्वीच त्यांच्या कानावर पडायला हवे. पुढे काय होऊ शकते आणि झाले तर कुठे जायचे हे ठाऊक असलेला माणूस दोन रात्री विनाकारण सोसत बसत नाही.

दाढ निघते तेव्हा जबड्याच्या हाडात तिच्या मुळांच्या आकाराचा खळगा उरतो. काही मिनिटांत तो रक्ताने भरतो आणि रक्त गोठून तिथे गुठळी बसते. काळपट लाल, बुळबुळीत, पाहणाऱ्याला घाण वाटावी अशी. पण जखम भरण्याचे सगळे काम या गुठळीवर उभे असते. तिच्यात फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे असते. या जाळ्याच्या आधाराने आठवडाभरात नव्या बारीक रक्तवाहिन्या आणि कोवळी ऊती आत शिरते, पुढच्या काही आठवड्यांत वरून हिरडी मिटते आणि आतले हाड भरून यायला काही महिने लागतात. मधल्या काळात गुठळी खालच्या हाडाचे झाकण असते. ती गेली की हाड उघडे पडते आणि हवा, पाणी, अन्नाचे कण सगळे थेट त्याला लागते. जबड्याची आणि कानाजवळच्या भागाची संवेदना एकाच मोठ्या चेतेच्या शाखा वाहून नेतात, म्हणून कळ कानात उमटते. दुखणे दाढेच्या खळग्यात असूनही काही जण कान दाखवायला जातात ते यामुळे.

गुठळी जाते कशी? जोरात चूळ भरली, ती निखळून पडली, एवढेच कारण लोकांना माहीत असते. डेन्मार्कचे संशोधक बिर्न यांनी १९७०च्या दशकात वेगळी बाजू दाखवली. शरीरात गुठळी बनवणारी यंत्रणा असते तशी ती विरघळवणारीही असते. दाढ काढताना हाडाला आणि भोवतालच्या ऊतींना फार इजा झाली, किंवा तिथे आधीपासून जंतुसंसर्ग असला, तर हाडातून असे पदार्थ सुटतात की जे ही विरघळवणारी यंत्रणा वेळेआधी सुरू करतात. प्लाझ्मिन हे विकर फायब्रिनचे जाळे तोडते आणि गुठळी आतल्या आत विरून जाते. त्यामुळे ज्याने सगळ्या सूचना काटेकोर पाळल्या त्यालाही ड्राय सॉकेट होऊ शकते. ‘तुम्हीच नीट काळजी घेतली नाही’ असे रुग्णाला ऐकवणे म्हणूनच पुष्कळदा अन्यायाचे असते. डॉक्टरने दाढ नीट काढली नाही हा उलटा आरोपही तितकाच घाईचा.

काही गोष्टी मात्र धोका नक्की वाढवतात. सगळ्यात मोठा फरक पडतो दाढ कोणती यावर. सर्वसाधारण दात-दाढा काढल्यावर शंभरांत फार तर पाच जणांना हा त्रास होतो. खालची अडकलेली अक्कलदाढ शस्त्रक्रिया करून काढली, तर काही अभ्यासांत हे प्रमाण शंभरांत पंचवीस-तीसपर्यंत गेलेले आढळते. खालच्या जबड्याचे हाड घट्ट असते आणि त्याला रक्तपुरवठा वरच्या जबड्याइतका भरपूर नसतो. लहान मुलांचे दुधाचे दात काढल्यावर मात्र हा प्रकार क्वचितच दिसतो. अक्कलदाढेवरची हिरडी वारंवार सुजत असेल, तोंडाची स्वच्छता नसेल, पूर्वी एकदा ड्राय सॉकेट झालेले असेल, तरी शक्यता वाढते. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी, म्हणजे सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या ‘माला-एन’सारख्या गोळ्यांनीही, रक्तातील गुठळी विरघळवण्याची क्रिया वाढते. पण म्हणून काही गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. दंतवैद्याला तेवढे सांगायचे. बाई संकोचाने सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाही, असे मात्र नेहमी होते.

आणि मग तंबाखू. निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, खळग्यात रक्त कमी उतरते, गुठळी नीट बसत नाही. सिगारेट-विडीचा झुरका ओढताना तोंडात जी ओढ तयार होते, तीही तिला सैल करते. पण महाराष्ट्रात हा प्रश्न फक्त सिगारेटचा नाही. २०१६-१७ च्या देशव्यापी प्रौढ तंबाखू पाहणीत राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते आणि त्यांतले बहुसंख्य ती ओढत नव्हते, तर मळून, चघळून किंवा दातांना घासून वापरत होते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून केलेली मिश्री गावोगावच्या कितीतरी बायका रोज सकाळी दातांना लावतात, काही जणी दिवसातून तीन-चार वेळा. अनेकींच्या हाती ती पहिल्यांदा येते तीच दाढदुखीवरचे औषध म्हणून. दवाखान्याच्या कागदावर ‘धूम्रपान करता का?’ असा प्रश्न असतो, त्यापुढे ती बाई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते, आणि दाढ काढल्याच्या दुसऱ्या सकाळी सवयीने बोट मिश्रीच्या डबीत जाते. बोटाने घासलेली ती पूड नुकत्याच बसलेल्या गुठळीवर जाते. प्रश्न मिश्री, तंबाखू, गुटखा, तपकीर अशी नावे घेऊन विचारला, तरच खरे उत्तर मिळते. दाढ काढल्यावर किमान तीन दिवस यांतले काहीही तोंडात जाऊ नये. तेवढे तीन दिवस निघाले तर पुढेही सोडता येईल का, हे विचारण्याची याहून चांगली वेळ दंतवैद्याला मिळत नाही.

पहिल्या चोवीस तासांची पथ्ये साधी आहेत. खळग्यावर ठेवलेला बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा. दर दोन मिनिटांनी काढून ‘रक्त थांबलं का’ पाहायचे नाही. थुंकीत थोडी लाली दिवसभर दिसतेच. ती गिळून टाकावी, सारखे थुंकू नये. चूळ, गुळण्या, स्ट्रॉने पिणे, जीभ किंवा काडी घालून खळगा चाचपणे, हे सगळे त्या दिवशी बंद. बाहेरून गालावर बर्फाची पिशवी थांबून थांबून धरली तर सूज कमी येते. आपल्याकडे जखमेला गार लागू द्यायचे नाही, शेक द्यायचा, अशी समजूत घट्ट आहे. पहिल्या दिवशी गालाला गरम शेक दिला तर उलट रक्तस्राव आणि सूज वाढते. चोवीस तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याने हळूच तोंड खळखळायचे, जेवणानंतर दर वेळी. घासण्याचा ब्रश त्या जागेपासून दूर ठेवायचा, बाकीचे दात मात्र घासायचेच.

दुखणे थांबवण्याच्या औषधांचा आणि अक्कलदाढेचा संबंध मात्र बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा फार जुना आणि खोल आहे. जगात नवे वेदनाशामक तपासायचे असले, की संशोधक गेली पन्नासेक वर्षे ज्या रुग्णांकडे जातात त्यांतले मोठे गट अक्कलदाढ काढलेल्या तरुणांचे असतात. स्टीफन कूपर आणि विल्यम बीव्हर यांनी १९७६ मध्ये ही पद्धत मांडली. त्यामागचा विचार सरळ होता. हे रुग्ण तरुण आणि एरवी धडधाकट असतात, इजा साधारण सारखी असते, दुखणे ठरावीक वेळी सुरू होते आणि मध्यम ते तीव्र असते. गोळी खरी की पोकळ हे काही तासांत कळते. लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी १९७८ मध्ये अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवरच एक प्रयोग केला. औषध नसलेली मात्रा देऊनही काहींचे दुखणे कमी होत होते. त्यांना अफूवर्गीय पदार्थांचा परिणाम रोखणारे नॅलोक्सोन दिले, तेव्हा दुखणे पुन्हा वाढले. केवळ आशेने मिळणाऱ्या आरामामागेही मेंदूतली स्वतःची वेदनाशामके असावीत, असा त्याचा अर्थ लावला गेला. शल्यचिकित्सेला उपयोगी पडलेले कितीतरी ज्ञान असे सुजलेल्या गालांमधून आले आहे.

या सगळ्या चाचण्यांतून एक निष्कर्ष वारंवार समोर आला. दाढ काढल्यानंतरच्या दुखण्यावर सगळ्यांत भरवशाची जोडी आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल यांची. ब्रिटनमध्ये १९६९ साली बाजारात आलेले आयबुप्रोफेन जखमेच्या जागी तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन ही रसायने कमी करते. ॲस्पिरिन वर्गातली औषधे अशी काम करतात हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि १९८२ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. पॅरासिटामॉल मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूच्या पातळीवर काम करते. दोन वेगळ्या वाटांनी एकाच दुखण्याला गाठले जाते, म्हणून एकत्र घेतल्यावर ती एकेकट्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात. अमेरिकेत दंतवैद्य अनेक वर्षे दाढ काढल्यावर अफूवर्गीय गोळ्या सर्रास लिहून देत आणि कितीतरी तरुणांना त्या गोळ्यांची पहिली ओळख तिथेच झाली. रटगर्स विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२५ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अक्कलदाढ काढलेल्या अठराशेहून अधिक रुग्णांना एक तर अफूवर्गीय हायड्रोकोडोनची जोडगोळी दिली किंवा आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉल. दुखणे सर्वांत तीव्र असते त्या पहिल्या दिवस-रात्रीत साध्या जोडीनेच जास्त आराम दिला, झोपही चांगली लागली. आपल्याकडे हायड्रोकोडोन नाही, पण ट्रामाडॉल आहे. जास्त जोराची गोळी म्हणजे जास्त आराम हा समज इथेही तितकाच घट्ट आहे.

गोळी किती जोराची यापेक्षा ती कधी घेतली याचा फरक जास्त पडतो. ॲड्रेनलिन मिसळलेल्या लिग्नोकेनची भूल ओठ-गालावर तीन ते पाच तास राहते. ती पूर्ण उतरून ठणका सुरू झाला की मग गोळी शोधायची, अशी बहुतेकांची रीत. दंतवैद्याने सांगितलेली पहिली गोळी बधिरपणा असतानाच पोटात गेली आणि पुढचे दोन-तीन दिवस ती ‘दुखलं तर’ न घेता ठरलेल्या तासांनी घेतली, तर दुखण्याला डोके वर काढायला फारशी संधी मिळत नाही. नेहमी मिळणाऱ्या ‘कॉम्बिफ्लॅम’च्या एका गोळीत ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. ती चालू असताना अंग कसकसते म्हणून वेगळी पॅरासिटामॉल घेतली, तर तीही त्याच हिशेबात धरावी लागते, कारण निरोगी प्रौढासाठीसुद्धा चोवीस तासांत चार ग्रॅम ही पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा आहे. दंतवैद्य पुष्कळदा लिहून देतात ती पाण्यात विरघळणारी केटोरोलॅकची गोळी प्रभावी आहे, पण पाच दिवसांपलीकडे ती चालू ठेवायची नसते आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकबरोबर घ्यायची नसते. मेडिकलच्या दुकानातून जुन्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा आणली जाते तीही नेमकी हीच.

पोटात व्रण, मूत्रपिंडाचा आजार, गोळ्यांनी बळावणारा दमा, रक्त पातळ करणारी औषधे, पाच महिन्यांपुढचे गरोदरपण : यांत आयबुप्रोफेनच्या वर्गातले औषध टाळावे लागते आणि पॅरासिटामॉलवर भर द्यावा लागतो. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दाढ काढल्यानंतर दोन दिवसांनी सणकून ताप भरला आणि गावात डेंग्यूची साथ असली, तर तो ताप दाढेचा आहे असे गृहीत धरून आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेत राहू नये. डेंग्यूत ही औषधे रक्तस्रावाचा धोका वाढवतात, आणि इथे तर तोंडात ताजी जखम असते.

ड्राय सॉकेट झालेच, तर ही सगळी गोळ्यांची शिस्त पुरी पडत नाही, कारण दुखणे उघड्या हाडाचे असते. त्याला झाकण लागते. दंतवैद्य खळगा कोमट सलाइनने हलकेच धुतो, अडकलेले कण काढतो आणि आत औषधी पट्टी बसवतो. या पट्टीत बहुधा युजेनॉल असते. लवंगेच्या तेलाचा मोठा भाग याच युजेनॉलचा असतो, आणि आजीने दाढेखाली धरायला सांगितलेल्या लवंगेचा गुणही त्याचाच. पुष्कळ रुग्णांना पट्टी बसल्यावर काही मिनिटांतच बरे वाटू लागते. तीन रात्री न झोपलेला माणूस खुर्चीतच सैलावतो, हे दंतवैद्यांनी अनेकदा पाहिलेले असते. पट्टीच्या प्रकारानुसार एक-दोन दिवसांनी ती बदलावी लागते, दोन-तीन फेऱ्या होतात आणि साधारण आठवड्या-दहा दिवसांत खळग्याच्या तळाशी नवी ऊती चढून दुखणे संपते. खळगा खरवडून पुन्हा रक्त काढायचे, ही पद्धत एकेकाळी होती. त्यात इजा वाढते, म्हणून आज ती बहुतेक ठिकाणी मागे पडली आहे. घरी लवंगेचे तेल थेट खळग्यात ओतणे हाही उपाय नव्हे. शुद्ध तेलाने उघडी ऊती भाजते आणि दोन दुखणी होतात.

अँटिबायोटिकचेही इथे काम नसते. ड्राय सॉकेट हा पू होण्याचा प्रकार नाही, त्यामुळे पाच दिवसांचा कोर्स घेऊन कळ थांबत नाही. रुग्ण मात्र तो मागतो, आणि कोर्स संपेपर्यंत पट्टीसाठी जाण्याचे टाळतो. दाढ काढण्यापूर्वीच अँटिबायोटिक दिले तर काय, याचा आढावा कोक्रेन या संस्थेने २०२१ मध्ये घेतला. अक्कलदाढ काढताना एका माणसाचे ड्राय सॉकेट टाळण्यासाठी साधारण ४६ जणांना ते औषध द्यावे लागते, असा हिशेब निघाला. निरुपयोगी ठरत चाललेली अँटिबायोटिक्स ही आपल्या देशाची मोठी चिंता असताना धडधाकट माणसासाठी हा सौदा महाग आहे.

खरा जंतुसंसर्ग ओळखू येतो. सूज दिवसेंदिवस वाढते, ताप येतो, पू दिसतो, तोंड उघडेनासे होते. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, जिभेखाली किंवा गळ्यावर कडक सूज आली, तर दंतवैद्याच्या वेळेची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे, मध्यरात्र असली तरी.

दुसरी गोष्ट अधिक सावकाश घडते आणि म्हणून सुटते. तोंडाच्या कर्करोगासाठी जबड्याला किरणोपचार घेतलेले आणि हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून झोलेड्रोनेटसारखी इंजेक्शने घेतलेले रुग्ण आता गावोगावी आहेत. त्यांच्या जबड्याच्या हाडाची भरून येण्याची ताकद कमी झालेली असते. दाढ काढल्यावर हाड उघडेच राहू शकते, आठवडेच नव्हे तर महिने. दाढ काढायला जाताना जुनी फाइल बरोबर नेणे त्यांच्यासाठी सक्तीचे मानावे. तंबाखू खाणाऱ्या कोणाही माणसाचा खळगा दोन-तीन आठवड्यांत भरू लागला नाही, कडा जाड होत गेल्या, शेजारचे दात हलू लागले, तर तिथला छोटा तुकडा काढून तपासायलाच हवा. हलणारी दाढ काढली आणि जखम भरली नाही, या तक्रारीमागे कधीकधी आधीपासूनच असलेला कर्करोग निघतो. ‘दाढ काढली म्हणून कॅन्सर झाला’ असे मग घरात बोलले जाते. प्रत्यक्षात दाढ हलत होती तीच त्याच्यामुळे.

ज्यांना एकदा ड्राय सॉकेट झाले आहे आणि दुसऱ्या बाजूची अक्कलदाढ काढायची आहे, त्यांच्यासाठी चांगली बातमी अशी की प्रतिबंधाचा बऱ्यापैकी सिद्ध झालेला उपाय हाताशी आहे. क्लोरहेक्सिडिनच्या द्रवाने दाढ काढण्याच्या आधी आणि चोवीस तासांनंतर तोंड धुतले, किंवा त्याचे जेल दंतवैद्याने खळग्यात ठेवले, तर ड्राय सॉकेटची शक्यता साधारण निम्म्यावर येते, असे कोक्रेनच्या २०२२ च्या आढाव्यात दिसते. या औषधाची ॲलर्जी विरळ असली तरी जीवघेणी ठरू शकते. ब्रिटनमध्ये ड्राय सॉकेट या द्रवाने धुताना रुग्ण दगावल्याच्या घटना घडल्यानंतर उघडी जखम सलाइननेच धुवावी, असा सल्ला दिला जाऊ लागला. त्यामुळे पूर्वी कुठल्या माउथवॉशने किंवा औषधाने अंगावर पित्त उठले असेल, तर ते आधी सांगायचे. त्याबरोबर वेळेचाही विचार करता येतो. दाढ शनिवारी संध्याकाळी काढली, तर तिसरा दिवस मंगळवारी येतो आणि दवाखाना उघडा असतो. गुरुवारी काढली, तर तो रविवारी येतो.